फोर्क काढून हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग बसवताना: खरं काम गिअरबॉक्स चढवण्याआधीचं

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे हे उत्तर आपल्याला लागू आहे का ते बाकीच्यांनाही कळेल. साताऱ्याकडचे एक गृहस्थ जुनी शॉर्ट चेसिस जीप बांधतायत. मूळचं इंजिन गेलं, त्या जागी दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला. मध्ये टर्नरकडून करून घेतलेली अडॅप्टर प्लेट आहे. जीपचा जुना क्लच पेडल, आडवा शाफ्ट, दांडी आणि फोर्क (क्लच सोडवणारं बेअरिंग ढकलणारा काटा) असा चालायचा. आता फोर्कची खिडकी नेमकी चेसिसच्या चॅनेलसमोर आली आहे. दांडी जात नाही आणि तेलाच्या दाबानं फोर्क ढकलणारा बाहेरचा स्लेव्ह सिलिंडरही बसत नाही. फिटरचा सल्ला असा, की फोर्क काढून टाका, आत हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग, म्हणजे तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारं बेअरिंग घाला, पेडलही हलकं होईल. यांचे प्रश्न तीन: हे करावं का, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) कुठल्या मापाचा घ्यावा, आणि आत गळायला लागलं तर काय करायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. आत गळायला लागलं तर गिअरबॉक्स उतरवायचा, दुसरा मार्ग नाही. जीपमध्ये गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, क्रॉस मेंबर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), गिअरचे लिव्हर आणि बहुतेक वेळा मधला पत्राही निघतो. दोन माणसांचा अख्खा दिवस. बाहेरच्या स्लेव्हचं सील गेलं तर दोन बोल्ट आणि एक पाइप, चहा थंड व्हायच्या आत गाडी उभी. अमेरिकेत जीप कंपनीलाही हे दोन्ही करून झालंय. १९८७ साली आलेल्या रँग्लरला स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढचं, क्लच झाकणारं कवच) आत होता, १९९४ पासून तो बाहेर आला. तिकडचे जुन्या रँग्लरवाले नंतरचं बेल हाउसिंग शोधून आतला सिलिंडर बाहेर आणतात, म्हणजे तुम्ही करायला निघालात त्याच्या नेमकं उलट.

त्यामुळे माझा नियम साधा आहे. बेल हाउसिंगला फोर्कची खिडकी आहे, आत फोर्क ज्यावर टेकून हलतो तो पिव्होटचा बॉल आहे आणि बाहेर वीतभर जागा आहे, तर बाहेरचाच स्लेव्ह लावा. ब्रॅकेट बनवायला दोन तास जास्त गेले तरी चालतील. तुमच्याकडे जागाच नाही. इंजिन एका बाजूला सरकवलं तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट अडेल, आणि चेसिसच्या चॅनेलला खाच पाडायचा विचार तर मनातही आणू नका. तेव्हा तुमच्या गाडीत आतलं बेअरिंग योग्य आहे. पण ते जागा नाही म्हणून. पेडल हलकं होईल म्हणून नव्हे.

पेडलचं वजन ठरतं क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर आणि पायापासून बेअरिंगपर्यंतच्या एकूण गुणोत्तरावर. तेल घातलं म्हणून बळ फुकट मिळत नाही. पाय हलका हवा तर पाय जास्त चालवावा लागतो, पाय कमी चालवायचा तर जोर लावावा लागतो. उलट फोर्क निघाल्यावर फोर्कच्या तरफेचा फायदाही जातो, आणि ते सगळं काम मास्टर आणि बेअरिंग यांच्या क्षेत्रफळाच्या फरकातून काढावं लागतं. दांड्यांचं घर्षण वाचतं आणि इंजिन हललं की क्लच थरथरतो तो त्रास जातो, एवढा फायदा मात्र खरा आहे. जुन्या जीपमध्ये पेडल चेसिसवर आणि फोर्क इंजिनवर, त्यामुळे चढावर निघताना इंजिन माउंटिंगवर हललं की दांडी स्वतःच क्लच ओढायची. पाइप लवचिक असल्यामुळे ते थांबतं.

आता वस्तू काय आहे ते नीट समजून घ्या. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट ज्या नळीतून बाहेर येतो, त्या नळीभोवती हा सिलिंडर बसतो. पिस्टन कड्यासारखा, मधून शाफ्ट आरपार जातो. पिस्टनच्या तोंडावर बेअरिंग असतं, ते सरळ प्रेशर प्लेटच्या बोटांवर, म्हणजे तिच्या मध्याकडे आलेल्या पट्ट्यांवर दाबतं. बहुतेकांत मागे एक हलकी स्प्रिंग असते, ती बेअरिंगला बोटांना सतत टेकवून ठेवते. म्हणजे जुन्या क्लचला आपण पेडलला जो प्ले, म्हणजे मोकळी चाल ठेवायचो, तो इथं बेअरिंगपाशी ठेवायचा नसतो. बेअरिंग कायम फिरतं आणि ते तसं फिरण्यासाठीच बनवलेलं असतं. काही रेसिंगच्या सिलिंडरांना ही स्प्रिंग नसते. तुमचा कुठला आहे ते हातात घेऊन दाबून बघा.

कुठला घ्यावा? तुमचा गिअरबॉक्स ज्या गाडीचा आहे त्या गाडीला कंपनीतूनच आतला सिलिंडर येत असेल, तर डोळे मिटून तोच घ्या. बसायची जागा, नळीचा व्यास, स्प्लाइनपासूनचं (शाफ्टवरच्या दात्यांपासूनचं) अंतर, सगळं जमलेलं असतं, आणि दोन वर्षांनी सील गेलं तर कोल्हापुरात किंवा पुण्यात स्पेअरच्या दुकानात नंबर सांगून मिळतो. बाहेरून मागवलेलं युनिव्हर्सल किट दिसायला देखणं असतं, ॲल्युमिनियमचं, चकचकीत. पण त्याचं ओरिंग फाटलं की गाडी महिनाभर उभी. ते घेणारच असाल तर सीलचा एक जादा सेट त्याच वेळी मागवून ठेवा. जुन्या बाजारातला वापरलेला सिलिंडर मात्र कधीच नको. क्लच प्लेट बदलताना सिलिंडर चांगला दिसला तरी तोही बदलायचा, कारण पैसे त्या भागाचे कमी आणि गिअरबॉक्स उतरवण्याचेच जास्त लागतात.

बेअरिंगचं तोंड आणि प्रेशर प्लेटची बोटं यांची जोडी बघायला लोक विसरतात. बोटांची टोकं वर वळलेली, गोलसर असतील तर बेअरिंगचं तोंड सपाट लागतं. बोटं सपाट असतील तर तोंड गोलाईचं लागतं. सपाटावर सपाट बसवलं तर बेअरिंगची कड बोटांत खाचा पाडते, आणि पेडल दाबताना किरकिर ऐकू येते. जीपची जुनी तीन बोटांची प्रेशर प्लेट ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. त्या बोटांची उंची एकमेकांशी कधीच बरोबर राहत नाही, आणि कायम टेकलेल्या बेअरिंगला ती एका बाजूला रेटत राहतात. डायफ्रॅमची, म्हणजे एकाच गोल चकतीसारख्या स्प्रिंगची प्लेट घ्या.

आता दुसरा प्रश्न, मास्टरचं माप. इथं अंदाजपंचे चालत नाही, पण गणित चौथीतलं आहे. मास्टरमधून जेवढं तेल निघालं तेवढंच बेअरिंगमागे जातं. मास्टरचं क्षेत्रफळ गुणिले त्याची चाल, भागिले कड्याचं क्षेत्रफळ, म्हणजे बेअरिंगची चाल.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा सिलिंडरच्या कड्याचा बाहेरचा व्यास ४८ मिमी आणि आतला ३८ मिमी. दोन्हींचे वर्ग २३०४ आणि १४४४, वजाबाकी ८६०, त्याला ०.७८५ नं गुणलं की ६७५ चौरस मिमी. पेडलचं गुणोत्तर पाचास एक धरू, पाय १५० मिमी खाली गेला की मास्टरची दांडी ३० मिमी चालते. त्यातले साधारण २ मिमी दांडीच्या प्लेमध्ये आणि मास्टरमधलं डबीकडे जाणारं छोटं भोक बंद होण्यात जातात. उरले २८. प्रेशर प्लेटची बोटं दाबायला १५० किलो लागतात असं धरू.

पाच सूती मास्टर, म्हणजे १५.८७ मिमी. क्षेत्रफळ १९८. बेअरिंग ८.२ मिमी चालेल, आणि पायाला सुमारे ९ किलो लागतील. साडेपाच सूती, १७.४६ मिमी. क्षेत्रफळ २३९, बेअरिंगची चाल ९.९ मिमी, पायाला साडेदहा किलो. पाऊण इंची, १९.०५ मिमी. क्षेत्रफळ २८५, चाल ११.८ मिमी, पायाला पावणेतेरा किलो.

साध्या डायफ्रॅम क्लचला पूर्ण सुटायला ८ ते ९ मिमी चाल लागते असं धरून चालू. पाच सूतीनं पेडल मऊ होईल आणि तुम्ही खूश व्हाल, पण पाइप जरासा फुगला, ब्रॅकेट जरासा वाकला की चाल आठाच्या खाली येते, आणि रिव्हर्स टाकताना गिअर कर्रकन ओरडतो. पाऊण इंचीनं क्लच नक्की सुटेल, पण चाल गरजेपेक्षा जास्त, म्हणजे बोटं प्रमाणाबाहेर दाबली जाणार. तेव्हा या आकड्यांना साडेपाच सूती बरोबर बसतो. तो मिळाला नाही तर पाऊण इंची घ्या आणि पेडलला स्टॉप लावा. स्टॉप तसाही लावायचाच आहे, त्याबद्दल पुढे. तुमचे आकडे वेगळे असतील. सिलिंडर हातात आला की व्हर्नियरनं दोन्ही व्यास मोजा आणि हेच गणित पुन्हा करा.

एक सावधगिरी. बरेच जण घरात पडलेला ब्रेकचा मास्टर क्लचला लावतात. जुन्या ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये आत एक व्हॉल्व्ह असतो, तो पाय सोडल्यावरही लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो. ड्रमला ते हवं असतं. क्लचला लावलं तर बेअरिंग कायम बोटांवर दाबलेलं राहतं, बेअरिंग तापतं आणि प्लेट घसरायला लागते. तोच मास्टर वापरायचा असेल तर तो व्हॉल्व्ह काढलाच पाहिजे. त्यापेक्षा क्लचचाच मास्टर घ्या, किमतीत फार फरक नाही.

आता मुख्य काम. हे नीट केलं तर बाकी सगळं नटबोल्टचं काम आहे. सिलिंडर पूर्ण आत दाबलेला असताना बेअरिंगच्या तोंडात आणि बोटांच्या टोकांत किती अंतर राहतं, ते गिअरबॉक्स चढवायच्या आधी मोजायचं. कारण क्लच प्लेट जशी झिजते तशी बोटं गिअरबॉक्सकडे मागे सरकतात, आणि नुसती झिजेइतकी नाही, तर तरफेच्या हिशेबानं तिप्पट-साडेतिप्पट. प्लेटचे रिव्हेट दोन्ही बाजूंना ०.८ मिमी खोल असतील तर एकूण झीज १.६, आणि बोटं साडेपाच मिमीच्या आसपास मागे येणार. तेवढी जागा सिलिंडरकडे नसेल तर तो एका टप्प्यावर तळाला टेकतो आणि स्वतःच क्लच दाबून धरतो. गाडी घाटात चढायला लागली की इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. मालक म्हणतो प्लेट खराब लागली. प्लेट चांगली असते, जागा कमी ठेवलेली असते.

रेसिंगचे सिलिंडरवाले ४ ते ५ मिमी अंतर सांगतात, कारण तिथं प्लेट शेवटपर्यंत झिजू देत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीला मी ६ मिमी ठेवतो. त्यात क्लच सुटायची ९ मिमी चाल मिळवा, झाले १५. सिलिंडरची एकूण चाल किमान १८ ते २० असली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या टोकालाही ३ ते ५ मिमी शिल्लक राहते. हे दुसरं टोक महत्त्वाचं, कारण नवी प्लेट असताना बोटं फ्लायव्हीलकडे सर्वांत पुढे असतात, आणि सिलिंडर सर्वांत जास्त बाहेर येतो. पिस्टन सीलसकट बाहेर निसटायचा धोका नव्या क्लचलाच असतो, जुन्याला नाही.

मोजायचं असं. तुमच्या गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग त्याच्याच अंगचं असेल असं धरतो, आजकाल बहुतेकांचं तसंच असतं. फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट इंजिनवर पूर्ण टॉर्कनं आवळून घ्या. सैल बोल्टवर मोजलं तर बोटांची जागा चुकते. अडॅप्टर प्लेट इंजिनला लावून, तिच्या मागच्या तोंडापासून बोटांची टोकं किती बाहेर आलीत ते मोजा. बोटं बाहेर असतील तर जाड, सरळ पट्टी टोकांवर आडवी धरा आणि पट्टीपासून अडॅप्टरच्या तोंडापर्यंत डेप्थ गेज उतरवा. पट्टीची जाडी धरायची की नाही ते कुठून मोजलं यावर आहे, कागदावर चित्र काढा. तीन ठिकाणी मोजा, तिन्ही आकड्यांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर प्रेशर प्लेट वाकडी आवळली गेली आहे. मग गिअरबॉक्स खाली, सिलिंडर त्याच्या जागी बोल्टनं पक्का, बेअरिंग हातानं पूर्ण आत दाबलेलं. बेल हाउसिंगच्या पुढच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवून बेअरिंगच्या तोंडापर्यंत खोली मोजा. या खोलीतून आधीचा आकडा वजा केला की अंतर मिळालं.

समजा खोली ६१ आली आणि बोटं ४४ बाहेर. अंतर १७. हवे आहेत ६. म्हणजे सिलिंडरखाली ११ मिमीची ॲल्युमिनियमची चकती लागेल, दोन्ही तोंडं समांतर, भोकं जागेवर. अंतर उलट कमी आलं, समजा ३, तर फ्लायव्हील तासून भागत नाही. अडॅप्टर प्लेट जाड करावी लागेल, किंवा कमी उंचीचा सिलिंडर शोधावा लागेल. प्लेट जाड केली तर इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये (क्रँकच्या टोकातलं छोटं बेअरिंग) पुरेसं जातंय का, आणि क्लच प्लेटचा हब स्प्लाइनवर पूर्ण बसतोय का, हे पुन्हा बघा. अशी चकती शिरोली एमआयडीसीत कुठलाही चांगला टर्नर तासाभरात करून देईल, फक्त त्याला "साधारण अकरा" सांगू नका, दशांशासकट आकडा लिहून द्या.

अडॅप्टर प्लेटबद्दल दोन शब्द, कारण हाताने केलेल्या प्लेटचा दोष शेवटी या बेअरिंगवर निघतो. फोर्कवरचं जुनं बेअरिंग थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घ्यायचं. हा सिलिंडर शाफ्टभोवती घट्ट बसतो, तो सांभाळत नाही. क्रँकचा मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत नसतील तर बेअरिंग बोटांवर घासत गोल फिरतं, सील एका बाजूनं झिजतं आणि पायलट बेअरिंग ओरडतं. प्लेटला डॉवेल पिन (जागा नेमकी धरणाऱ्या घट्ट खुंट्या) आहेत का? नुसत्या बोल्टच्या भोकांवर गिअरबॉक्स मध्यात येत नाही, बोल्टच्या भोकात सैलपणा असतोच. डायल गेज फ्लायव्हीलवर मॅग्नेटनं बसवा, सुई प्लेटच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हातानं एक फेरा फिरवा. सुई एकूण ०.१३ मिमीच्या आत हलली पाहिजे. तुमची प्लेट याच्या बाहेर असेल तर हायड्रॉलिकचा खर्च करण्याआधी प्लेट नीट करून घ्या.

पाइपांचं. सिलिंडरला दोन तोंडं असतात, एक तेल यायचं आणि एक हवा काढायचं. हवेचं तोंड वरच्या बाजूला आलं पाहिजे, खाली आलं तर आयुष्यभर हवा निघणार नाही. दोन्ही पाइप जुन्या फोर्कच्या खिडकीतून बाहेर काढा, खिडकीला रबरी ग्रोमेट लावा आणि हवा काढायचा निपल बाहेर, हात पोचेल अशा ठिकाणी घ्या. स्टीलच्या जाळीचा पाइप वापरलात तर तो कशालाही घासता कामा नये. ती जाळी कानशीसारखी काम करते आणि शेजारचा पाइप कापते. बेल हाउसिंगच्या आत पाइप प्रेशर प्लेटच्या कव्हरपासून बोटभर लांब, क्लिपनं बांधलेला. बाहेर दीड सूती ब्रेकचा स्टीलचा पाइप चांगला, फक्त इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये जाळीचा तुकडा. सायलेन्सरच्या पाइपजवळून न्यावा लागत असेल तर मध्ये पत्र्याचं शिल्ड लावा.

खिडकीच्या उरलेल्या भागाला पत्रा लावून बंद करा, नाहीतर ओढ्यातून जाताना चिखल आत जाईल. पण बेल हाउसिंगच्या तळाचं छोटं भोक बुजवू नका. गळती तिथूनच दिसते.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ४ घ्या. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, आणि पाणी शोषलं की १५५ पर्यंत खाली येतो. बेल हाउसिंगच्या आत उष्णता असते, पावसाळ्यात आपल्याकडची हवा दमट, तेव्हा दोन वर्षांनी तेल बदला. पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल चुकूनही नको. या सिलिंडरच्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं, आणि मग कितीही धुतलं तरी पूर्ववत होत नाही. सील बसवताना ग्रीसही साधं लावू नका, ब्रेकच्या तेलानंच ओलं करा.

जीपचं पेडल पत्र्याखाली, चेसिसवर असतं, तेव्हा मास्टरही बहुतेक खालीच बसवाल. ब्रॅकेट किमान ५ मिमी जाडीच्या पट्टीचा आणि मागून आधार दिलेला करा. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगून तुम्ही खाली झोपून ब्रॅकेटकडे बघा. तो २ मिमी वाकत असेल तर वरच्या गणितातली पाऊण मिमीहून थोडी कमी चाल तिथंच गेली. तेलाची डबी मात्र वर, बॉनेटखाली, पाइपनं जोडलेली असू दे. आणि मास्टरची दांडी पाय सोडल्यावर अर्धा ते एक मिमी सैल राहिली पाहिजे. बेअरिंगपाशी प्ले नसतो, इथं असलाच पाहिजे. दांडी ताठ राहिली तर मास्टरमधलं भोक उघडत नाही, तेल तापून फुगतं आणि जायला वाट नसल्यामुळे क्लच आपोआप दाबला जातो. थंड गाडी उत्तम चालते आणि दहा किलोमीटरनंतर क्लच घसरतो, अशी तक्रार आली की मी आधी ही दांडी हलवून बघतो.

गिअरबॉक्स इंजिनला पूर्ण आवळला जाईपर्यंत पेडलला कुणी पाय लावू नये. समोर बोटं नसताना पेडल दाबलं की पिस्टन बाहेर येतो आणि सील फाटतं. गॅरेजमध्ये पोरं येताजाता पेडल दाबून बघतात, म्हणून मी तोपर्यंत मास्टरची दांडी जोडतच नाही.

हवा काढणं या सिलिंडरचं किचकट असतं. आधी निपल उघडून, डबी भरलेली ठेवून, तेल आपोआप उतरू द्या. अर्धा तास लागला तरी घाई नको. मग पेडल हळू दाबून, धरून, निपल बंद करून, हळू सोडायचं. धपाधप पंप मारलं तर हवेचे बुडबुडे बारीक होऊन तेलात मिसळतात. तरीही पेडल स्पंजासारखं राहिलं तर उलटी पद्धत करा. मोठी सिरिंज भरून निपलमधून तेल वर ढकला, हवेला वर जायचंच असतं, ती मास्टरमधून डबीत बुडबुडे सोडत निघते. डबी आधी अर्धी रिकामी करा, नाहीतर तेल रंगावर सांडेल, आणि हे तेल रंग उतरवतं. पाइप कुठं उंटाच्या पाठीसारखा वर जाऊन खाली येत असेल तर हवा तिथंच अडकून बसते. पाइप वाकवून सरळ करा.

मग स्टॉप. मागची दोन्ही चाकं जॅकवर नाही, स्टँडवर उचला, पुढच्या चाकांना दगड लावा, ट्रान्सफर केस टू व्हीलमध्ये, गिअर पहिला, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. एकानं पेडल अगदी हळू दाबायचं, दुसऱ्यानं मागचं चाक फिरवायचा प्रयत्न करत राहायचं. एका बाजूचं चाक फिरताना दुसरं उलटं फिरतं, त्यावर फसू नका, प्रॉपेलर शाफ्ट फिरतोय का ते बघा. जिथं शाफ्ट सुटला तिथं पेडलवर खूण करा. त्याच्या पुढं पायाच्या मापानं १५ ते २० मिमी गेल्यावर पेडल पक्क्या बोल्टवर टेकलं पाहिजे. बोल्ट चेकनटसकट, मजल्याच्या पत्र्यावर नाही तर चेसिसला वेल्ड केलेल्या तुकड्यात. एका पाहुण्या जीपचा सिलिंडर मी काढला होता, मोजमाप सगळं बरोबर होतं, स्टॉप तेवढा नव्हता. मालक उंचापुरा, चिखलात अडकल्यावर पेडल जमिनीला टेकवायचा. पिस्टन कडेच्या रिंगपर्यंत जाऊन सीलचा ओठ दुमडलेला होता.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण विचारलं नसलं तरी ते लागू आहे. क्लच कसा सुटतो याची नोंद आरसीवर नसते, इंजिनची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. इंजिन बदलाची परवानगी आणि नोंद आरटीओत झाली नसेल तर आधी ते, मग बाकीचं. विम्याच्या क्लेमच्या वेळी हेच आडवं येतं.

गाडी चालू झाल्यावर डबीवर मार्करनं खूण करा आणि काठोकाठ भरू नका. या पद्धतीत प्लेट झिजते तसा सिलिंडर मागे ढकलला जातो आणि त्यातलं तेल डबीत परत येतं, म्हणजे पातळी महिन्यामहिन्यानं किंचित वर जायला हवी. खाली गेली तर गळती आहे, नुसतं तेल टाकून पुढं चालवू नका. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर गाडी उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर जे पडलंय त्याचा थेंब पाण्याच्या वाटीत टाका. तरंगला तर इंजिनचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील, वासावरून दोन्हींतलं कुठलं ते कळेल, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. पाण्यात मिसळून गेला तर तो ब्रेकचं तेल, आणि गिअरबॉक्स उतरवायची तयारी करा.